सातबारा नसलेलं तळं

आल्प्सचा उतार उतरून ऱ्हाइन सपाटीला लागते आणि लगेच एका मोठ्या तळ्यात शिरते. जर्मन माणसं या तळ्याला बोडनझे म्हणतात. बाकीचं जग त्याला कॉन्स्टन्स सरोवर म्हणून ओळखतं. ते ६३ किलोमीटर लांब आहे, सगळ्यात रुंद ठिकाणी १४ किलोमीटर रुंद आणि सगळ्यात खोल ठिकाणी २५१ मीटर खोल. उत्तरेच्या काठावर जर्मनी, दक्षिणेच्या काठावर स्वित्झर्लंड आणि पूर्वेच्या टोकाशी ऑस्ट्रिया. काठाने द्राक्षमळे आहेत, सफरचंदाच्या बागा आहेत, जुन्या घंटाघरांची गावं आहेत. हवा निवळली की पाण्यापलीकडे बर्फाची शिखरं दिसतात.

देशांच्या सीमारेषा जमिनीवरून चालत या पाण्यापर्यंत येतात आणि काठाशीच थांबतात. काही नकाशांत पाण्यातूनही रेघ ओढलेली दिसते, पण ती नकाशा काढणाऱ्याची. तिन्ही देशांनी मिळून मान्य केलेली तशी रेघ नाही. पश्चिमेकडच्या छोट्या, खालच्या तळ्यात सीमा ठरलेली आहे. मोठं वरचं तळं मात्र आजही तसंच मोकळं आहे. स्वित्झर्लंड म्हणतं, सीमा पाण्याच्या मधोमध जाते. ऑस्ट्रिया म्हणते, काठालगतचा उथळ पट्टा ज्याचा त्याचा, पण २५ मीटरहून खोल पाणी सगळ्यांचं सामाईक. जर्मनीने ठाम अशी बाजू कधी घेतलेलीच नाही. पश्चिम युरोपच्या मध्यावर, जिथे वीतभर जमिनीसाठी पिढ्यान् पिढ्या रक्त सांडलं, तिथे शेकडो चौरस किलोमीटर पाण्याचा सातबारा अजून कुणाच्या नावे लागलेला नाही.

वाटणी न झालेल्या मिळकतीचं काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. विहिरीतला गाळ कुणी काढत नाही, कारण काढणारा एक आणि पाणी नेणारे चार. भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि मधल्या मधे विहीर बुजून जाते. या तळ्याचं तसं झालं नाही. का झालं नाही, हे कळायला आधी त्याचा स्वभाव ओळखायला हवा.

हे घरातलं मोठं माणूस आहे. त्याला घाई नाही. आत आलेलं पाणी सरासरी चार वर्षांहून अधिक काळ इथे मुक्काम करतं आणि मग ऱ्हाइनच्या रूपाने पश्चिमेकडून बाहेर पडतं. म्हणून त्याची आठवणही लांब आहे. आज कुणी काही आत सोडलं तर ते उद्या वाहून जात नाही, वर्षानुवर्षं पोटात राहतं. उन्हाळ्यात आल्प्सचा बर्फ वितळतो तेव्हा ते फुगतं, हिवाळ्यात ओसरतं, आणि या दोन पातळ्यांत माणसाच्या उंचीएवढा फरक सहज पडतो. त्याच्या तोंडाशी धरण नाही, दरवाजे नाहीत. पातळीला वेसण घालायचे बेत अनेकदा निघाले, पण एकही तडीस गेला नाही. चढउतार हा त्याचा श्वास आहे आणि काठचं लव्हाळं, पक्षी, मासे त्या श्वासावर जगतात.

राग आला की मात्र ते ओळखू येत नाही. दक्षिणेकडून डोंगर उतरून येणारा फोन नावाचा उबदार वारा सुटला की घटकेत लाटा उसळतात. त्यासाठी काठाने सगळीकडे नारिंगी दिवे बसवले आहेत. मिनिटाला ४० वेळा दिवा लुकलुकला तर सावध राहा, ९० वेळा लुकलुकला तर वादळ आलंच, बंदर गाठा. दिवा जर्मन काठावरचा असो, स्विस असो की ऑस्ट्रियन, भाषा एकच. होडीवर कोणाचं निशाण आहे हे वादळ पाहत नाही. ते लक्षात घेऊन या माणसांनी दिवाही तसाच लावला.

या तळ्याभोवतीच्या माणसांचं शहाणपण मला इथे दिसतं. मालकीचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि समोर जे काम होतं त्याला हात घातला. बोटी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून १८६७ साली ब्रेगेन्झला बसून नौकानयनाचे सामाईक नियम केले. तेव्हा काठावर तीन नव्हे, पाच राज्यं होती, कारण आजच्या जर्मनीचा काठ बाडेन, व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियात वाटलेला होता. मासेमारीवरून कुरबुरी वाढल्या तेव्हा १८९३ साली पुन्हा ब्रेगेन्झलाच करार झाला. काठालगतचा, २५ मीटर खोलीपर्यंतचा पट्टा ज्या त्या देशाच्या कोळ्यांसाठी. त्यापलीकडच्या खोल पाण्यात कुठल्याही काठचा कोळी जाळं टाकू शकतो, पण जाळ्याच्या आसाचं माप, जाळ्यांची संख्या, बंदीचा हंगाम हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. हे पाणी कोणाच्या मालकीचं, याचा निवाडा या कराराने केला नाही. त्या पाण्यात वागायचं कसं, एवढं ठरवलं. तेवढ्यावर सव्वाशेहून अधिक वर्षं निभावली.

ऱ्हाइनचं प्रकरण अधिक अवघड होतं. डोंगरातून ती दर वर्षी वीस-तीस लाख घनमीटर गाळ घेऊन येते. तळ्यात शिरण्याआधीच्या सपाट खोऱ्यात तिचं पात्र गाळाने उंचावायचं, काठ फुटायचे, एका पुरात स्विस गावं बुडायची तर दुसऱ्यात ऑस्ट्रियन. १८९२ साली दोन्ही देशांनी करार केला आणि नदीला सरळ, आखूड वाट खणून द्यायचं ठरवलं. फुसाखची वाट १९०० साली खुली झाली, डिपोल्ड्साउची १९२३ साली. यातली गमतीची नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट अशी की पहिली वाट पूर्णपणे ऑस्ट्रियाच्या जमिनीतून जाते आणि दुसरी पूर्णपणे स्वित्झर्लंडच्या. सीमा जुन्या पात्रावरच राहिली. शेजाऱ्याच्या रानातून चर खणायचा आणि खर्च दोघांनी उचलायचा, याला नुसती सही पुरत नाही. चर बुजला तर आपलंही घर बुडेल, ही खात्री दोन्हीकडे लागते. मधे दोन महायुद्धं झाली, साम्राज्यं कोसळली, ऑस्ट्रिया जर्मनीने गिळली आणि पुन्हा मोकळी झाली. नदीचा गाळ यातल्या कशासाठीही थांबला नाही. आजही ऱ्हाइनच्या मुखाशी दोन्ही बाजूंचे बांध तळ्यात आतवर नेलेले आहेत, म्हणजे गाळ उथळ उपसागरात न साचता खोल पाण्यात जाऊन पडावा. २०२४ साली दोन्ही देशांनी नव्या करारावर सह्या केल्या आणि शंभर वर्षांपूर्वी आवळलेल्या या नदीला आता थोडी रुंद जागा परत द्यायचं ठरवलं. पूर्वजांनी केलेलं काम दोघांनी मिळून दुरुस्त करायचं, हेही त्यात आलं.

मग हे मोठं माणूस आजारी पडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर काठावरची गावं वाढली, घराघरांत संडासाला फ्लश आले, कपडे धुण्याच्या पावडरी आल्या, शेतात खतं आली. सांडपाणी सरळ ओढ्यात आणि ओढा तळ्यात. त्या पाण्यातून फॉस्फरस आला. फॉस्फरस हे विष नव्हे, ते अन्न आहे, आणि दुखणं तिथेच होतं. शेवाळ माजलं. मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजू लागलं आणि कुजताना खोल पाण्यातला ऑक्सिजन खाऊ लागलं. या तळ्याचा लाडका मासा म्हणजे फेल्खेन, चंदेरी अंगाचा, खोल निळ्या पाण्यात राहणारा. अन्न मुबलक झाल्यावर फेल्खेन इतके भराभर वाढू लागले की अंडी घालायच्या वयाला येण्याआधीच जाळ्यात अडकण्याएवढे होऊ लागले. वरून पाहणाऱ्याला भरभराट दिसत होती. आत वंश धोक्यात येत होता. तेव्हा आसाचं माप वाढवावं लागलं.

१९५० च्या सुमारास एका लिटर पाण्यात दहा मायक्रोग्रॅमही फॉस्फरस नव्हता. १९७९ साली तो ऐंशीच्या वर गेला.

एकाच देशाचं तळं असतं तर एका सरकारने उपाय केला असता किंवा केला नसता. इथे एकाने गटारं साफ करून भागणार नव्हतं, कारण तळ्याच्या पोटात पाणी वेगळं राहत नाही. १९५९ साली काठच्या राज्यांनी तळ्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग उभा केला आणि १९६० साली श्टेकबोर्न या स्विस गावात त्याच्या करारावर सह्या झाल्या. बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि तिचं फोरार्लबर्ग राज्य, स्वित्झर्लंड आणि त्याची सेंट गालेन आणि थुर्गाउ ही कँटन त्यात होती. इवलंसं लिश्टनस्टाइन तर तळ्याला कुठे टेकतही नाही. पण त्याचं पाणी ऱ्हाइनमधून इथेच येतं, म्हणून तेही कामात सोबत आलं. ज्याच्या दारात तळं नाही त्यानेही आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं ते विचारलं. मला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट फार मोठी वाटते.

या आयोगात निर्णय एकमताने होतो. कोणाला बहुमताने दाबता येत नाही, म्हणून प्रत्येकाला पटेपर्यंत बोलावं लागतं. पटवायचं साधन आकडे. तिन्ही देशांचे शास्त्रज्ञ एकाच पद्धतीने पाणी मोजतात आणि एकच अहवाल सगळ्यांपुढे ठेवतात. माझा आकडा खरा की तुझा, हे भांडण तिथेच मिटतं. आयोगाच्या हातात दंडुका नव्हता. त्याने नियम घालून दिले आणि सांडपाण्याचे प्रकल्प ज्याने त्याने आपापल्या तिजोरीतून बांधले. तेव्हापासून या खोऱ्यात सांडपाणी शुद्ध करण्यावर चार अब्ज युरोहून अधिक खर्च झाला. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडने कपड्यांच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदी आणली, जर्मनीनेही त्यावर मर्यादा घातल्या. इतकं करूनही तब्येत लगेच सुधारली नाही, कारण आठवण लांब असलेल्याचं दुखणंही लांब चालतं. फॉस्फरस उतरायला वीस-पंचवीस वर्षं लागली. आज तो पुन्हा दहाच्या खाली आहे. एका पिढीने खर्च केला आणि स्वच्छ पाणी पुढच्या पिढीला मिळालं.

त्या पाण्यावर आता केवढी माणसं जगतात! जर्मन काठावर झिप्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथे ६० मीटर खोलीवरून, जिथे पाणी वर्षभर गार आणि निवळ असतं, ते उपसून डोंगरावर चढवतात आणि दूरवर श्टुटगार्टच्याही पुढे नेतात. १९५८ पासून हे चाललं आहे आणि आज सुमारे चाळीस लाख लोकांच्या घरात हे पाणी पोचतं. त्यातल्या बहुतेकांना तळं खिडकीतून दिसत नाही. मोठ्या उपशावरून उद्या भांडण नको म्हणून १९६६ साली आणखी एक करार झाला. खोऱ्याबाहेर नेण्यासाठी सेकंदाला ७५० लिटरहून अधिक पाणी उपसायचं असेल तर परवानगी देण्याआधी बाकीच्यांना सांगायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं. आपल्या काठावरून आपलं पाणी घेतानाही शेजाऱ्याला आधी विचारायचं. एवढा साधा हा नियम आहे, आणि नद्यांवरून जगभर पेटलेली कितीतरी भांडणं हा साधा नियम न पाळल्यामुळे पेटलेली आहेत.

इथवर ही बरं झालेल्या माणसाची गोष्ट आहे. पण बरं झालेलं माणूस घरातल्या सगळ्यांना आवडतंच असं नाही.

पाणी स्वच्छ झालं तसं माशांचं अन्न घटलं. फेल्खेन बारीक राहू लागले, कमी झाले. ज्या तळ्यातून पूर्वी वर्षाला शेकडो टन फेल्खेन निघत, तिथे जाळी रिकामी वर येऊ लागली. थोडा फॉस्फरस पाण्यात राहू द्या, अशी मागणी कोळ्यांनी केली आणि ती मान्य झाली नाही. चाळीस लाखांच्या पिण्याच्या पाण्यापुढे शंभराहून कमी उरलेल्या कोळ्यांचं पारडं हलकं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीपासून तर तीन वर्षांसाठी फेल्खेन पकडायलाच बंदी आली, सगळ्या काठांवर एकदम. ज्या करारांनी त्यांच्या पणजोबांच्या जाळ्याला आधार दिला, त्याच करारांच्या मंडळाने पणतवंडांचं जाळं खुंटीला टांगलं. निर्णय माशाच्या वंशासाठी होता आणि मला तो बरोबर वाटतो. पण पहाटे होडी काढणारं, पिढ्यान् पिढ्या या एकाच पाण्यावर जगलेलं घर त्याची किंमत मोजतं आहे. सहकार्य झालं म्हणजे सगळ्यांचं भलं झालं असं समजणाऱ्याने त्या घरी एकदा जाऊन बसावं.

आणि सगळा दोष स्वच्छतेचाही नाही. काटेरी पाठीचा एक लहानसा मासा तळ्यात अतोनात वाढला आहे. तो फेल्खेनचं अन्न खातो आणि त्याची पिल्लंही. काळ्या समुद्राकडची क्वागा नावाची शिंपली २०१६ साली इथे पहिल्यांदा सापडली. ती खडकांना, होड्यांना, पाणी उपसणाऱ्या नळांना लगडते. उघड्या डोळ्यांना न दिसणारं माशांचं खाद्य ती पाण्यातून गाळून घेते. तिच्याशी करार करता येत नाही.

उष्णतेशीही नाही. हे तळं हिवाळ्यात एक खोल श्वास घेतं. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, आणि त्याच्याबरोबर वर्षभराचा ऑक्सिजन तळाला पोचतो. हिवाळे उबदार झाले तसा हा श्वास अर्धवट राहू लागला आहे. काठच्या तीन देशांनी उद्यापासून एकही चूल पेटवली नाही तरी त्याने तो पूर्ववत होणार नाही. तीन घरांनी मिळून तळ्याचं पोट साफ केलं. त्याचा ताप उतरवायला सगळं गाव लागणार आहे.

माणसांच्या सीमाही अधूनमधून जाग्या होतातच. दुसऱ्या महायुद्धात काही काळ स्वित्झर्लंडचे दिवे आणि जर्मनीचा अंधार यांच्यामधे हे पाणी होतं. जर्मन कोन्स्टान्झ शहर शेजारच्या स्विस क्रॉइत्सलिंगेनला चिकटलेलं, म्हणून त्यानेही दिवे चालू ठेवले आणि वरच्या विमानांना ते स्विस वाटलं, असं तिथे सांगतात. युद्धात या दोन शहरांमधे उभं राहिलेलं कुंपण २००६ साली काठाजवळ काढून टाकलं आणि पुढच्या वर्षी त्या रेषेवर २२ शिल्पं उभी केली. २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली तेव्हा तिथेच पुन्हा कुंपण लागलं, मग त्याच्या जोडीला दुसरं. दोन्ही बाजूंनी नवराबायको, प्रेमिक, आजीआजोबा आणि नातवंडं येऊन कुंपणाआडून बोलत उभी राहिली. मे महिन्यात ते निघालं. पाण्यातून मात्र त्या दिवसांतही जाळी कुठली, गाळ कोणाचा, दिवा किती वेळा लुकलुकावा याचे जुने करार चालूच होते.

या तळ्याने स्वतः घातलेला एक पूल आहे. तो शतकातून एखाद-दुसऱ्यांदा उघडतो. फार कडक हिवाळ्यात वरचं तळं सगळंच्या सगळं गोठतं आणि या काठावरून त्या काठावर चालत जाता येतं. तेव्हा एक जुनी रीत पाळली जाते. संत जॉनचा एक लाकडी अर्धपुतळा आहे, सोळाव्या शतकातला. तळं गोठलं की तो ज्या काठावर असेल तिथून मिरवणुकीने बर्फावरून पलीकडच्या काठावर न्यायचा, आणि पुढच्या गोठण्यापर्यंत तिथेच ठेवायचा. १८३० साली तो स्विस म्युन्स्टरलिंगेनहून जर्मन हाग्नाउला आला आणि तिथे १३३ वर्षं राहिला. १२ फेब्रुवारी १९६३ रोजी हजारो लोकांनी बर्फावरून चालत तो परत म्युन्स्टरलिंगेनला पोचवला. त्यानंतर तळं पूर्ण गोठलेलं नाही.

हा पुतळा कोणाचा, असा वाद दोन गावांत मी ऐकलेला नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याने सांभाळायचा आणि पाळी आली की पुढच्याच्या हाती द्यायचा. आता पाळी हाग्नाउची आहे. तिथल्या ज्यांनी तो १९६३ साली उचलून नेला, त्यांतले बहुतेक हयात नसतील. म्युन्स्टरलिंगेनच्या चर्चमध्ये पुतळा उभा आहे, आणि त्याला न्यायला कधी यायचं ते ठरवणारं तळं बाहेर उबेत हलतं आहे.